पप्पांच्या गाडीचे पिवळे दिवे

कारचा अलार्म ही वस्तू एका गृहीतकावर चालते: कुणीतरी ऐकेल आणि उठेल. आपल्याकडे हे गृहीतक कधीच मोडलंय. रात्री अडीचला गल्लीत सायरन सुरू झाला की लोक काय करतात ते तुम्हाला माहीतच आहे. कूस बदलतात. फार तर "कुणाची हाय रे" म्हणतात आणि पंख्याचा स्पीड एकने वाढवतात. पुन्हा सगळ्या गाड्यांचा आवाज सारखाच. तेच सहा सूर, त्याच क्रमाने. मांजर बोनेटवर बसलं तरी तोच आवाज आणि काच फोडली तरी तोच. म्हणजे तो सायरन प्रत्यक्षात एकाच माणसासाठी वाजत असतो, ज्याची गाडी आहे त्याच्यासाठी. गल्ली त्याला साक्षीदारसुद्धा नसते.

आणि त्या एकाच माणसाला ऐकू येत नसेल तर?

माझे पप्पा नांदेडला टुरिस्ट गाडी चालवतात. पिवळ्या पाटीची डिझेल डिझायर. त्याआधी बावीस वर्षं त्यांनी लोहा-अहमदपूर पट्ट्यात काळी-पिवळी चालवली, आधी कमांडर, मग ट्रॅक्स. मराठवाड्यातल्या वाचकांना काळी-पिवळी समजावून सांगायची गरज नाही. इतरांसाठी एवढंच सांगतो, की नऊ माणसांच्या जीपमध्ये एकोणीस माणसं, टपावर शेळी, आणि ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर. या सगळ्यात ड्रायव्हरचा उजवा कान कुठे असतो? दाराच्या बाहेर. शेजारून जाणाऱ्या ट्रकचा हॉर्न, स्वतःच्या डिझेल इंजिनचा खडखडाट, वारा, हे सगळं थेट त्या कानात. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास, वर्षानुवर्षं राहिलं की कान जायला लागतो, असं कामगारांच्या आरोग्याचं पुस्तक सांगतं. काळी-पिवळीवाल्यांची मोजणी कुणी केली नसावी.

हा बहिरेपणा चोरपावलांनी येतो. आवाज बंद होत नाही, आधी वरचे सूर जातात. मोठ्या आवाजाने गेलेल्या कानाच्या आलेखात साधारण चार हजार हर्ट्झच्या आसपास एक खड्डा दिसतो. माणसाचं बोलणं बऱ्यापैकी खाली असतं, त्यामुळे बोलणं ऐकू येतं, फक्त 'स', 'श', 'च' गळतात. म्हणून ते आपल्याला म्हणतात, "तोंडातल्या तोंडात कामून बोलतूस?" आणि गंमत बघा, कारच्या सायरनचा आवाज बहुतेक करून दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यातच असतो, कारण निरोगी कान तिथेच सगळ्यात तिखट असतो. म्हणजे ज्या सुरावर सगळ्यांनी दचकून उठावं म्हणून सायरन घडवलाय, नेमका तोच सूर पप्पांच्या कानातून गेलेला.

हे त्यांना मान्य नाही, हे वेगळं सांगायला नको.

मागच्या पावसाळ्यात आमच्या मागच्या गल्लीतून दोन गाड्यांच्या बॅटऱ्या गेल्या. पप्पांनी लगेच अलार्म बसवून घेतला. पुढच्या दोन महिन्यांत तो पाच-सहा वेळा रात्री वाजला, कधी कुत्र्यामुळे, कधी ढगांच्या गडगडाटामुळे. दर वेळी आई उठली आणि तिने पप्पांना हलवून उठवलं. सकाळी पप्पा चहा पिताना सांगायचे, "रात्री वाजला होता, मी बंद केला." आई काही बोलायची नाही. घराची ही व्यवस्था छान चालली होती. पण ताईचं दुसरं बाळंतपण आलं. सासर लातूरचं, दवाखाना लातूरचा, पहिलं पोर तिथल्याच शाळेत. मग आईनेच तीन महिने लातूरला जायचं ठरलं. आणि पप्पा घरात एकटे. गाडीचे अजून एकवीस हप्ते बाकी.

दिवाळीला मी पुण्याहून गेलो तेव्हा पप्पांनी विषय काढला, पण कसा? म्हणाले, "अलार्मला एक्स्ट्रा एलईडी जोडून घ्यावं म्हणतोय. वाजला की लाइटी पण फडफडल्या पाहिजेत. शो येतो." पप्पांनी आयुष्यात गाडीला शोसाठी लिंबू-मिरचीसुद्धा लावलेली नाही. आईने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे. मी म्हणालो, "हाव, भारी दिसंल."

एका डेकोरेशनच्या दुकानात विचारलं तर पंधराशे रुपये आणि वीस मिनिटं. अलार्मच्या इंडिकेटरच्या वायरीलाच पट्टी मारून देतो म्हणाला. पट्टी मारणं म्हणजे वायर मध्ये सोलायची, दुसरी गुंडाळायची, वरून काळी टेप. लाल-निळ्या स्ट्रोबचा किट फुकट देतो असंही म्हणाला. पप्पा खूश झाले. मी म्हणालो, जरा थांबा, आईला सोडायला लातूरला जायचंच आहे, तर मामाकडून करून घेऊ.

मामा लातूरला ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. गंजगोलाईतून जे सोळा रस्ते फुटतात त्यातल्या एकाच्या पार टोकाला त्याची टपरी आहे. शिक्षण दहावी, अनुभव तीस वर्षं. मी बीई. आमच्या घरात या दोन गोष्टींची तुलना दर लग्नात होते आणि निकाल लागत नाही.

नांदेड ते लातूर रस्त्यात मी ड्रायव्हरशेजारी होतो. लोह्याच्या अलीकडे पप्पांनी ट्रॅक्टर ओलांडताना उजवा इंडिकेटर दिला. ट्रॅक्टर मागे पडला, लोहा आलं, इंडिकेटर चालूच. स्टिअरिंग थोडंच वळलं की तो आपोआप पडत नाही, हे खरंय. पण त्याची टिकटिक असते ना? डॅशबोर्डवरचा हिरवा बाण उन्हात दिसत नव्हता. मी मनात किलोमीटर मोजत होतो. सातव्या किलोमीटरला मागून एका आयशरवाल्याने शिव्या घातल्या, आणि त्या मात्र पप्पांना ऐकू आल्या. "काचा बंद हायत म्हणून," ते इंडिकेटर पाडत म्हणाले. माझी काच उघडी होती. मागे बसलेल्या आईने पदर तोंडाला लावला आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

मामाला मी काही सांगितलं नाही. त्याने पप्पांशी दोन वाक्यं बोलून झाल्यावर माझ्याकडे नुसतं बघितलं आणि विचारलं, "दाजी, रात्री गाडी कुठं लावता? झोपायच्या खोलीच्या खिडकीतून तिचं कोणतं अंग दिसतं?" बीईला हा प्रश्न सुचायला अजून वेळ लागला असता.

मागची काच आणि डावी बाजू दिसते, पप्पा म्हणाले. मग तिथेच लाइट. झालं.

आता इथून पुढे थोडं तांत्रिक आहे. पण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी गाडी आहे आणि तिला कुणीतरी काहीतरी जोडून दिलेलं आहे, म्हणून वाचाच.

अलार्मच्या डब्यातून इंडिकेटरसाठी दोन वायरी निघतात, एक डाव्या बाजूची, एक उजव्या. अलार्म वाजताना चारही इंडिकेटर एकदम लागतात. एक बल्ब २१ वॅटचा, चार झाले ८४, आणि फेंडरवरचे पाच-पाच वॅटचे दोन धरले तर ९४. बारा व्होल्टला भागा, जवळजवळ ८ अँपिअर. हा सगळा करंट त्या डब्यातल्या दोन छोट्या रिलेंमधून जातो. त्यावर आणखी पट्ट्या लादायच्या म्हणजे आधीच भरलेल्या काळी-पिवळीत अजून चौघे घ्यायचे. चालते का? चालते. उतारावर कळतं. आणि दोन्ही बाजूंच्या वायरी एकाच पट्टीला सरळ जोडल्या, तर डावा इंडिकेटर दिला तरी करंट पट्टीच्या जोडातून उजवीकडे शिरतो आणि चारही लागतात. मध्ये डायोड टाकावे लागतात. वीस मिनिटांत काम करणारा डायोड टाकत नाही. शिवाय इंडिकेटरवर पट्टी मारली की रोज वळताना ती पण फडफडणार. पप्पांना वळताना लाइट नको होती. त्यांना झोपेत हवी होती.

म्हणून आम्ही सायरनची वायर धरली. ती फक्त अलार्म वाजला की जिवंत होते, आणि लॉक-अनलॉक करताना क्षणभर. पण एलईडीचा भार त्या वायरीवरही द्यायचा नाही. तिने फक्त सांगायचं, 'वाजलं'. काम दुसऱ्याने करायचं. हा दुसरा म्हणजे रिले. पाच पिनांचा काळा ठोकळा, कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. ८६ वर सायरनची वायर, ८५ बॉडीला, ३० वर बॅटरीतून फ्यूजमार्गे आलेली वायर, ८७ मधून बाहेर. ८७ए रिकामी. कॉइल फक्त साधारण दीडशे मिलिअँपिअर घेते, म्हणजे दीड-दोन अँपिअर ओढणाऱ्या सायरनच्या शेजारी ते ओझं नगण्यच. मी ज्या कंपनीत काम करतो तिथे आम्ही याला भलतीच भारी नावं देतो आणि त्यावर दीड तासाच्या मीटिंगा घेतो: एका सिस्टिमने दुसरीच्या पोटात हात घालायचा नाही, निरोप द्यायचा. इंग्रजीत रिले हा शब्द डाकेच्या वाटेवर बदलायला ठेवलेल्या ताज्या घोड्यांसाठीही वापरला जायचा. दमलेल्या घोड्याने निरोप आणायचा, ताज्याने पुढे न्यायचा. मामा याला 'मधला माणूस' म्हणतो.

रिलेच्या कॉइलवर मी डायोड टाकायला सांगितला. कॉइलचा करंट तुटला की ती उलट दिशेने मोठा झटका मारते, व्होल्टेज शेकड्यांत जाऊ शकतं, आणि तो झटका सायरनच्या वायरीतून थेट अलार्मच्या डब्यातल्या नाजूक भागांत जातो. दोन रुपयांचा डायोड तो झटका कॉइलमध्येच फिरवून जिरवतो. चंदेरी पट्टा प्लसकडे. उलटा लावला तर सरळ शॉर्ट. मामा म्हणाला, "चार हजार सात नंबर ना? डब्यात हाय." त्याला थिअरी माहीत नव्हती. पण डायोड न टाकलेल्या किती गाड्यांचे डबे मेलेत हे त्याला बोटांवर माहीत होतं.

आमचा खरा वाद झाला तो रेझिस्टरवर. बाजारातल्या पांढऱ्या पट्टीत तीन-तीन एलईडींची माळ असते. एकीला साधारण ३.२ व्होल्ट, तिघींना ९.६. बारातून वजा केले, उरले २.४. वीस मिलिअँपिअर हवेत तर १२० ओहम. कागदावर छान. पण गाडीत बारा व्होल्ट कधीच नसतात. उभी असताना चांगली बॅटरी १२.६ दाखवते आणि इंजिन चालू झालं की अल्टरनेटर १४.४ पर्यंत नेतो. आता तेच गणित करा: १४.४ वजा ९.६, उरले ४.८, भागिले १२० म्हणजे ४० मिलिअँपिअर. दुप्पट! व्होल्टेज पाचव्या भागानेच वाढलं, करंट मात्र दुप्पट झाला. म्हणून गाड्यांमधल्या स्वस्त पट्ट्या सहा महिन्यांत एकेक माळ मारत जातात आणि गिऱ्हाईक 'चायना माल' म्हणून चायनाला शिव्या देतं. २४० ओहम धरले तर इंजिन चालू असताना बरोबर वीस आणि बंद असताना साडेबारा. उजेड थोडा कमी, आयुष्य जास्त.

मामाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भाच्या, ही लाइट इंजिन बंद असतानाच लागणार ना? चोर काय गाडी चालू करून बॅटरी काढतो का?"

मी म्हणालो, रिमोटला पॅनिकचं बटन असतंय, ते चालू इंजिनवर दाबलं तर? तो म्हणाला, "तेवढ्यानं काय मरतंय." शेवटी मोटारीसाठीच बनवलेली पिवळी पट्टी घ्यायची ठरली, तिच्यात करंट आवरणारं सर्किट आतच असतं. दोघांचीही लाज राहिली.

पिवळीच का, यावर पप्पा नाराज होते. त्यांना लाल-निळी हवी होती. 'दिसायला कशी पोलिसासारखी!' लाल दिव्याचं आपल्याकडचं वेड मोठं आहे. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले, तेव्हा काही जणांना पद गेल्याइतकं दुःख झालं होतं. पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०८ वा नियम सरळ आहे: पुढे लाल दिवा दाखवायचा नाही, मागे लालखेरीज दुसरा दाखवायचा नाही, आणि याला इंडिकेटर, रिव्हर्स असे ठरलेले अपवाद. टुरिस्ट परमिटची गाडी दरवेळी पासिंगला जाते. एमएच २६ ला कुणी विचारलं नाही तर एमएच २४ ला विचारतील. म्हणून पट्टी मागच्या काचेच्या आत, सीटच्या पाठीमागे खाली, इंडिकेटरच्याच रंगाची, आणि रस्त्यावर धावताना तिचा संबंध नाही. पप्पांना हे नियमाने नाही पटलं. मामाने सांगितलं, "दाजी, लाल लाइट अंधारात भिंतीवर दिसतच नाही. पिवळी खोली भरून टाकती." ते लगेच पटलं.

काम सुरू करताना मामाने आधी बॅटरीची काळी वायर काढली. नेहमी काळी आधी. लाल आधी काढायला गेलं आणि पाना बॉडीला टेकला तर तो पाना वेल्डिंगचा रॉड होतो. मायनस सुटलेली असेल तर पाना कुठेही टेकू दे. लावताना उलट, काळी शेवटी. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर, ३ अँपिअरचा. डेकोरेशनवाले फ्यूज लाइटजवळ लावतात, कारण तिथे हात पोचतो. पण फ्यूज लाइट वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. बॅटरीपासून मागच्या सीटपर्यंतची पंधरा फूट वायर दारूगोळ्यासारखी गाडीभर पसरलेली असते, ती कुठेही पत्र्यावर घासली की पेटते, आणि फ्यूज तिच्या शेवटाला असेल तर तो शांतपणे बघत बसतो.

इंजिनकडून आत येताना पत्र्याच्या भोकात रबरी बूच. डिकीच्या बाजूने खाली जाताना पन्हाळीची प्लास्टिकची नळी. जोड सोल्डर करून वर श्रिंक ट्यूब, टेप अजिबात नाही. आमच्याकडे मे महिन्यात ४३-४४ डिग्री सावलीत असतं. बंद गाडीत काळ्या टेपचा गोंद वितळून तिची साप कात टाकतो तशी सुरळी होते. एका ठिकाणी सीटखाली पिवळ्या आवरणाचा कनेक्टर दिसला. मामाने माझा हात बाजूला केला. "ती एअरबॅगची. तिच्याकडं बघायचं पण नाही." नव्या गाड्या आल्यापासून तो टेस्ट लॅम्प कमी वापरतो, मल्टीमीटरच लावतो. टेस्ट लॅम्पचा बल्ब करंट ओढतो आणि ज्या वायरीत कॉम्प्युटरचा निरोप धावतोय तिथे ते महागात पडतं.

मग लाइट फडफडायची कशी? मामाने जुना फ्लॅशर काढला, लावला, पट्टी नुसतीच लागून राहिली. जुन्या फ्लॅशरमध्ये दोन धातूंची पट्टी असते, ती बल्बच्या करंटने तापून वाकते आणि सर्किट तोडते. आमच्या दोन पट्ट्या मिळून मल्टीमीटरवर ०.९ अँपिअर दाखवत होत्या, त्यात ती काय तापणार! तीन पिनांचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लावला, मग मिनिटाला नव्वदच्या आसपास लयीत सुरू झालं.

शेवटी सगळं बंद करून, काळ्या वायरीत मीटर घालून, झोपलेली गाडी किती खाते ते मोजलं. २० मिलिअँपिअर, तेही अलार्मचेच. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी धरली तरी या हिशेबाने दोन महिन्यांवर जाते. आमचं जे होतं ते रिले उघडा असताना शून्य. काही लोकांना गाडी लॉक असतानाही पट्टी रात्रभर जळती हवी असते. ०.९ ने तीच बॅटरी चाळीस तासांत सपाट होईल, आणि अर्धी उतरली तरी थंडीत सकाळी सेल्फ लागत नाही.

मामाने पैसे घेतले नाहीत. फ्यूजच्या झाकणावर स्केचपेनने '३ - मागची लाइट' लिहिलं. पुढे कधी दुसऱ्या कुणी मिस्त्रीने झाकण उघडलं तर त्याला कळावं म्हणून. मी रोज इतका कोड वाचतो, इतकं स्वच्छ लिहिलेलं क्वचित दिसतं.

आई लातूरला राहिली. जाताना तिने मला बाजूला घेतलं आणि कानाच्या डॉक्टरचं विचारलं. मी म्हणालो, नांदेडला आहेत, तपासणी अर्ध्या तासाची असते, आलेख काढून देतात. "तू सांग," ती म्हणाली. "माझं ऐकत न्हाईत." मग दोघंही हसलो, कारण ते वाक्य नको त्या अर्थाने खरं होतं.

परतताना चाकूरच्या पुढे मी पप्पांना तपासणीचं बोललो, डाव्या कानाच्या बाजूने, सावकाश. ते बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "परमिटला अडचण येईल का?" त्यांच्या डोक्यात हे होतं. इतके दिवस मला वाटत होतं की तो मानाचा प्रश्न आहे. तो एकवीस हप्त्यांचा प्रश्न होता. मी सांगितलं, आधी आलेख तर काढू, मशीन लावून ऐकू येत असेल तर रस्त्यावरही ते बरंच. ते 'बघू' म्हणाले. आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. पण अहमदपूर ओलांडल्यावर त्यांनी विचारलं, "मशीन केवढ्याला येतं?"

रात्री नांदेडला गाडी लावली. मी पुढच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलो. आतून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. जाऊन बघितलं तर पप्पा खाट सरकवत होते. वीस वर्षं ती पूर्वेच्या भिंतीला होती, देवघराकडे पाय नकोत म्हणून. आता तिचं डोकं उलट्या बाजूला, तोंड खिडकीकडे.

"इकडून वारं चांगलं लागतं," ते म्हणाले.

नोव्हेंबर होता. मी खाटेचं दुसरं टोक धरलं.